अम्पारोला बोलवायला

"माझी नारिंगी छत्री दिसेनाशी झाली की समजा तुम्ही हरवलात," आमची गाइड बेगोन्या माइकवरून सांगत होती. "आणि बस बरोबर पाचला सुटेल. मागच्या वेळी एका काकांना तिथेच सोडून आलो होतो."

बसमध्ये हशा पिकला. मी हसले नाही. मी ग्रेगोरियाला फोन लावून बसले होते. ग्रेगोरिया म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण. आजचा दिवस आईजवळ तिला बसवून मी निघाले होते.

"काही घेतलं का तिने?" मी विचारलं.

"सूप तोंडाशी नेलं तर मान फिरवली. अगं, आणि मघापासून..." ग्रेगोरिया पुढे काही सांगणार तोच चढणीचा बोगदा लागला आणि आवाज गेला. शेजारच्या सीटवर लेओकादियाने छातीवर बोटांनी क्रूस काढला. बोगद्यात ती नेहमीच काढते. आमच्या पेन्शनर मंडळाच्या सगळ्या सहलींना जाऊन जाऊन तिला या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ झालाय.

आईने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता तिच्या मनासारखं करा. तिच्या मनात एकच होतं. अम्पारोला बोलवा. डोळे उघडले की अम्पारो, मिटले की अम्पारो. ज्या बाईने तीस वर्षं ते नाव घरात कुणाला काढू दिलं नाही, तीच ही. तिला उठवणारी, बसवणारी, तिचं अंग पुसणारी मी, फुएन्सांता. माझं नाव महिनाभरात एकदाही तिच्या तोंडी आलं नव्हतं. मला राग येत होता, खोटं कशाला बोलू? पण चार दिवस उपाशी असलेल्या म्हातारीवर किती रागावणार? अम्पारोचा आवाज कानावर पडला तर ती दोन घास खाईल, एवढीच आशा धरून मी बसमध्ये चढले होते.

अम्पारो माझी धाकटी बहीण. आई शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेल्या पोशाखात चर्चमध्ये गेल्या. अम्पारोच्या लग्नाचा पोशाख तिने सहा महिने शिवला. पत्रिका वाटून झाल्या, जेवणाचे पैसे भरून झाले, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना ही बया पेन्याल्ताच्या मठात निघून गेली. तिथली जोगीण बाहेर येत नाही आणि बाहेरचा माणूस आत जात नाही. आईने पोशाख उभा फाडला. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्याच्या चिंध्यांनी खिडक्यांच्या काचा पुसत होतो. अम्पारोच्या शपथविधीला आमच्याकडून कोणी गेलं नाही.

या महिन्यात मी मठाला दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. फोन लावला तर तो नंबरच बंद. आमच्या गावातून तिकडे थेट गाडी नाही, मला गाडी चालवता येत नाही, आणि आईला रात्री एकटं टाकता येत नाही. मग पेन्शनर मंडळाच्या फळ्यावर पेन्याल्ताची सहल लागली. सकाळी जाऊन रात्री परत, दुपारचं जेवण धरून, आणि शेवटी मठातल्या मिठाईची खरेदी. मी त्याच क्षणी नाव दिलं.

गाव चढावर, दरीच्या अगदी कडेला. बसेस खाली उभ्या राहतात आणि ज्याचे गुडघे धड असतील त्याने चालत वर जायचं. मी उतरल्याउतरल्या बेगोन्याला गाठलं.

"मला आधी मठात जायचंय."

"काकू, मठाची खिडकी चारशिवाय उघडत नाही. आधी आपला पूल, मग चर्च, मग फुटकी घंटा, मग जेवण. चारला मीच तुम्हाला नेते की."

काय करणार? नारिंगी छत्रीमागे निघाले. तो पूल, ते चर्च, ती घंटा. काय बघितलं देव जाणे. दर पाच मिनिटांनी मी पिशवीत हात घालून आईचं अंगुस्तान चाचपत होते. शिवताना बोटात घालायचं ते पितळी टोपण, घासून घासून एका बाजूला पातळ झालेलं. निघताना तिच्या उशाखालून घेतलं होतं. कशाला घेतलं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

जेवण बरं होतं. पण इतक्या स्वस्तात जेवण का, ते शेवटचं गोड, फ्लान, खाऊन झाल्यावर कळलं. हॉलचं दार बंद झालं आणि चकाकणारे बूट घातलेला एक इसम गादी घेऊन पुढे आला. लोकरीची गादी, पाठीला उत्तम, सांध्यांना उत्तम. चाललंच होतं त्याचं. घड्याळात चार वाजून गेले. बेगोन्या कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेली.

मी उठले.

"ओ ताई, बसा बसा!" गादीवाला ओरडला. "तुम्हालाच तर हिची सर्वांत जास्त गरज दिसतेय. झोप लागत नाही ना रात्री?"

"लागत नाही," मी म्हटलं. "माझी आई मरायला टेकलीय. तिच्यासाठी आहे का तुमच्याकडे काही?"

बेगोन्याने डोकं वर केलं. "काकू, प्रात्यक्षिक संपेपर्यंत कोणाला सोडता येत नाही हो, कंपनीचा नियम..."

"नियम घाल चुलीत," लेओकादिया म्हणाली आणि उठून माझ्या हाताला धरलं. "स्वयंपाकघरातून मागे वाट आहे. पळ तू. बसचं मी बघते."

मी त्या चढावर पळाले, असं म्हणायला हरकत नाही. चौसष्टाव्या वर्षी जितकं पळता येतं तितकं. दोन ठिकाणी गल्ली चुकले. दोन्हीकडे मठाचीच भिंत, दार कुठे नाही. रडू फुटत होतं. एका म्हाताऱ्याने काठीने दाखवलं तेव्हा कळलं की दारासमोरून मी एकदा गेलेही होते.

आत थंडगार खोली. भिंतीत तोर्नो. सगळ्या बंदिस्त मठांत असतं तसंच, उभ्या पिंपासारखं लाकडी फिरतं कपाट. त्यात पैसे ठेवायचे, ते फिरतं, आतून मिठाई येते. ना आपण त्यांना दिसत, ना त्या आपल्याला. मी दोरी ओढली. आत कुठेतरी घंटी वाजली.

"नमो, निष्कलंक मरिये," लाकडापलीकडून आवाज आला. कोवळा, परदेशी उच्चाराचा.

मी उलट नमन करायचंही विसरले. "सिस्टर, मला अम्पारोला भेटायचंय. माझी बहीण आहे. आई शेवटच्या घटका मोजतेय."

"अम्पारो? या नावाची इथे कोणी नाही, बाई."

"असेल हो. तीस वर्षांपूर्वी आली."

"इथे आल्यावर नाव बदलतं. इथलं नाव काय तिचं?"

इथलं नाव! शपथविधीला ते नाव पुकारलं गेलं असेल तेव्हा आम्ही घरी दारंखिडक्या लावून बसलो होतो. माझी दोन्ही पत्रं अम्पारोच्या नावाने गेली होती.

"आणि हिवाळ्यात दोन मठ एकत्र केले," तो आवाज म्हणाला. "काही सिस्टर उत्तरेकडे गेल्या. मी नवी आहे, मला सगळं ठाऊक नाही. मदर प्रार्थनेला गेल्यात. साडेपाचला या ना."

"साडेपाचला माझी बस गेलेली असेल!" मी भिंतीवर हात आपटला. पलीकडे ती बिचारी घाबरली असावी. मला माझीच लाज वाटली. मग दुकानात उभी असल्यासारखी म्हणाले, "बडीशेपेची बिस्किटं द्या एक डबा."

पैसे ठेवले. कपाट फिरलं. डबा आला. मी झाकण उघडलं आणि तिथल्या बाकावर बसले.

प्रत्येक बिस्किटाच्या कडेने छोटे छोटे गोल दाबलेले होते. आई करायची तसेच. अंगुस्तान पिठात बुडवून ती कडेने दाबत जायची आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी तिला मदत करायचो. हे दुसऱ्या कोणाच्या घरी मी कधी बघितलं नव्हतं.

मी अंगुस्तान काढलं आणि तोर्नोत ठेवलं. "सिस्टर, ही बिस्किटं ज्या करतात त्यांना हे दाखवा. प्रार्थनेतून उठवा हवं तर. पाया पडते तुमच्या."

कपाट फिरलं. पावलं दूर गेली. खाली कुठेतरी बसचा हॉर्न वाजला. आमचाच असेल. मी दोरीला धरून उभी राहिले.

"फुएन्सांता?"

आवाज जाडसर झाला होता, पण माझं नाव घेताना शेवटी वर चढायचा तसाच चढला.

"आहेस तू," मी म्हटलं. मग मला काय झालं कोण जाणे, तीस वर्षांचं सगळं एकदम ओठांवर आलं. "आहेस ना! मजेत बिस्किटं करतेयस! तिकडे ती चार दिवस उपाशी आहे, तुझ्या नावाचा जप लावलाय. करणारी मी, आणि नाव तुझं!"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी थांबले. भांडायला सवड नव्हती.

"बाहेर येशील?"

"परवानगी मागावी लागते. आज नाही मिळायची."

"मग फोनवर बोल."

मी घरी फोन लावला. ग्रेगोरियाने उचलला. "तिच्या कानाला लाव," एवढंच तिला सांगितलं, आणि माझा फोन तोर्नोत ठेवून फिरवला. माझा हात रिकामा झाला. मग मी भिंतीला कान लावून उभी राहिले. शब्द कळत नव्हते. अम्पारोचा आवाज, मग थांबणं, मग आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. महिनाभर ज्या भेटीसाठी जीव टांगणीला लागला होता ती पलीकडे चालली होती आणि मला तिथे जागा नव्हती. खाली पुन्हा हॉर्न वाजला.

"फुएन्सांता, ऐक." तिचा आवाज आता रडका नव्हता, घाईचा होता. "तिने मला ओळखलं. म्हणाली, अम्पारो, जेवलीस का? मी हो म्हटलं. मग म्हणाली, तू आहेस ना जागेवर, बरं झालं. आता फुएन्सांताला बोलाव. ती सकाळपासून घरात नाही."

"काय?"

"सकाळपासून तुलाच विचारतेय म्हणे. ती शेजारीण सांगत होती. फुएन्सांता आल्याशिवाय सूप नको म्हणते."

ग्रेगोरिया बोगद्याआधी हेच सांगत होती. जी घरात नसेल तिलाच आई हाका मारत होती, आणि एवढ्या वर्षांत मी कधी घराबाहेर गेलेच नव्हते.

"आणि तिचा श्वास," अम्पारो म्हणाली. "मी इथे सात जणींजवळ शेवटपर्यंत बसलेय. तो श्वास मला कळतो. तू निघ. पळ, ताई."

कपाट फिरलं. त्यात माझा फोन होता आणि अंगुस्तान होतं. मी फोन घेतला. अंगुस्तान तिथेच ठेवून कपाट परत फिरवलं आणि धावत सुटले.

बस सुरू होती. पायरीवर लेओकादिया फतकल मारून बसलेली. "गुडघा धरलाय माझा! उचलाल तर याद राखा!" मला बघताच ती उठली, चक्क टुणकन. बेगोन्या काहीतरी बोलणार होती, माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाली.

मी घरी फोन लावला. "ग्रेगोरिया, कानाला लाव."

"लावलाय, बोल."

"आई, मी फुएन्सांता. मी येतेय गं. तीन तास थांब."

श्वास ऐकू येत होता. आत जायचा, आणि मग बाहेर यायला फार वेळ लावायचा.

"ऐकतेय ती," ग्रेगोरिया लांबून म्हणाली. "डोळे इकडे केलेत. बोलत राहा."

काय बोलू? इतकी वर्षं एका घरात राहून आमचं बोलणं झालेलं ते गोळ्यांचं, चादरीचं, आज भाजी काय याचं. माझ्याकडे सांगायला होतं ते फक्त आजचं. म्हणून मी तेच सांगायला लागले. "आई, मी सहलीला आलेय. इथे एक पूल आहे, फार उंच. त्याच्याखाली बायका कपडे धुवायच्या. मग एक चर्च आहे. आणि एक घंटा आहे, ती... ती फुटली..."

"पहिल्याच दिवशी," बेगोन्या पुढच्या सीटवरून हळूच म्हणाली. "वर चढवताना दोर तुटला."

"दोर तुटला, आई. पहिल्याच दिवशी. तरी त्यांनी ती तशीच टांगली. अजून वाजवतात."

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला होता. वळणामागून वळण येत होतं आणि मी आईला सहल सांगत होते. फ्लान फार गोड होतं म्हणाले. गादीवाल्याचे बूट सांगितले. लेओकादियाने माझा दुसरा हात धरला आणि पुढे बघत म्हणाली, "बोगदा येतोय."

"आई, दोन मिनिटं आवाज जाईल हं. कुठे जाऊ नकोस. मी आहेच."

अंधार झाला. या वेळी लेओकादियाने क्रूस काढला नाही, माझा हात तिने सोडलाच नाही. उजेडात आलो तसा मी परत फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

"आई, झाला बोगदा. तर ती घंटा..."

"फुएन्सांता," ग्रेगोरिया म्हणाली. "पोरी, आता इथे मी एकटीच आहे."