आवणीच्या रांगेतली किटली

मित्रांनो, माझ्या पोटाला पोचा आहे म्हणून हसू नका. मी एक जुनी किटली आहे, पण तरुणपणी माझा मोठा रुबाब होता. शिरपामाळावर फिरायला येणाऱ्यांना चहा पाजण्यात माझी पाच वर्षं गेली. "वा, काय चहा आहे!" असं लोक म्हणायचे, टपरीवाली जयश्री खुलायची आणि मी उगाचच भाव खायचे. मग एकदा दगडावर आपटले. टपरीवर नवी किटली आली आणि मी चुलीमागे काजळी खात पडले.

तिथून मला जयश्रीच्या मावसबहिणीने, चैतीने नेलं. ती जामसरजवळच्या पाड्यावर राहते. तिला जन्मापासून सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मध्येच अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की बसवत नाही आणि उठवतही नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं आहे: गोळी चुकवायची नाही, गारठ्यात फार भिजायचं नाही आणि घडोघडी पाणी प्यायचं. त्या पाण्यासाठी माझी नेमणूक झाली. चहावरून कोमट पाण्यावर! खरं सांगते, मला अपमानच वाटला.

त्यात दिवस आवणीचे. आमच्याकडे भात लावायचं काम सावडीने होतं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बाया रांगेने वाकून लावत जातात आणि जी रेंगाळते ती एकटी पडते. चैतीला धास्ती वाटायची, सारखं पाणी प्यायला उठले तर बाया म्हणतील, ही कामाची नाही. सावड तुटली तर आपलं शेत कोण लावणार? नवरा माघ्या एकटा किती पुरा पडणार? म्हणून तिने आजारच लपवला. सकाळी मी भरलेली बांधावर जायचे आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायचे. माघ्याने एकदा मला उचलून विचारलं, "पाणी नाय प्यालीस?"

"परत भरून आणलाय," ती म्हणाली. किती सफाईदार थाप! मला बोलता येत असतं तर तिथेच चहाडी केली असती.

पाचव्या दिवशी ती चिखलातच बसली. गुडघे आणि कंबर धरून रडायला लागली. जीपने तिला दवाखान्यात नेलं, तीन दिवस सलाईन लावली.

घरी आल्यावर ती सावडीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईकडे, नवशीकाकीकडे गेली. सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून म्हणाली, "काकी, मला सावडीतून काढा. तुमच्या बरोबरीनं माझ्यानं व्हायचा नाय."

"काढायला तू काय तण हायस?" काकी कडाडली. "आधी का नाय सांगला? आता किटली रांगेत फिरंल. ती आली का सगळ्यांचे हात थांबतील, कोण पुढं जायचा नाय. आन पाऊस जोराचा आला का तू खोपटात शेकोटीजवळ बसून रोपांच्या जुड्या बांध."

सावडीतली सगळ्यात चपळ बाई म्हणजे रुपी. ती कुरकुरली, "अशानं पाऊस सरंल, आवणी नाय सरायची!" मला तिचा असा राग आला म्हणता!

डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावर आठवड्याने चैती पुन्हा रांगेत उभी राहिली. शेत नेमकं रुपीचं. सकाळपासून मी दोनदा फिरले होते. थोड्या वेळाने चैतीचे ओठ पुन्हा सुकले, पण मागायला तिची जीभ रेटेना. ती मुकाट्याने वाकून रोपं लावत राहिली. रुपीने तिच्याकडे एकदा तिरकं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली.

"किटली कुठं गेली गो? घसा सुकला माझा!"

आत्ताच तर ती घटाघटा प्यायली होती! तिने कसाबसा एक घोट गिळला आणि मला चैतीच्या हातात दिलं. "पी. सगळी संपव." सारी रांग थांबली होती. चैती प्यायली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. दोन दिवसांनी चैतीचं शेतही लावून झालं, आणि त्या रांगेत पहिली रुपीच होती.

मित्रांनो, आजार घेऊनही माणसं काम करतात आणि झकास करतात. पण सगळ्यांनाच मागता येत नाही. तुमच्या रांगेत कोणी सुकल्या ओठांनी गप्प उभं असेल, तर त्याने मागायची वाट बघू नका. तहान आपल्यालाच लागली आहे असं खुशाल ओरडा.