काकांचा आवाज शिकलेला कॉम्प्युटर

“फॉरमॅट सोडून काय वाटेल ते करा,” काकूंनी दारातच बजावलं. “आधीचा दुकानदार तेच म्हणत होता. त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला.”

मला बरं वाटलं. उठसूट फॉरमॅट मारणाऱ्यांचं नि माझं पहिल्यापासून वाकडं. नळ गळतो म्हणून कुणी घर पाडतं का? एक सोय बिघडली तर तेवढीच शोधायची, तेवढीच दुरुस्त करायची. या हट्टापायी मी धंद्यात मागे पडलो असं बायको म्हणते, आणि ते खोटंही नाही.

काका खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. आजारानं आधी त्यांचे हात गेले. मग ते बोलायचे आणि कॉम्प्युटर लिहायचा. मुलीला पत्रं, पालिकेला तक्रारी, शेजाऱ्यांना टोमणे. त्यांचा अडखळता आवाज त्याला शिकवण्यात महिनेच्या महिने गेले होते. फॉरमॅट मारला की ते सगळं पुसलं जाणार. आणि आता तो भलतंसलतं लिहू लागला होता.

काकांनी एक वाक्य म्हणून दाखवलं. मला कळलं नाही. पडद्यावर उमटलं, ‘पाक मीठ खरा’.

मी माइक बंद केल्यावर काकू म्हणाल्या, “पंखा कमी करा, असं म्हणाले.” आणि त्यांनी पंखा कमी केला.

माइक चालू असताना घरात दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, असा काकांचा जुना नियम. शिकलेल्या आवाजात परका आवाज मिसळायला नको. म्हणून मीही मुकाट्यानं काम करत होतो. माइक बदलला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. नवं अपडेट काढून पाहिलं, सिस्टिमच्या फाइली तपासल्या. एकही खराब निघाली नाही. दर खेपेला काका तेच वाक्य जीव तोडून म्हणत आणि पडद्यावर नवाच गोंधळ उमटे. माझं डोकं चालेना.

काकू चहा घेऊन आल्या आणि माइक चालू आहे हे विसरून बोलून गेल्या, “साखर कमीच घातलीय, चालेल ना?”

पडद्यावर अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं.

तिघांनीही ते वाचलं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. काकांचं बोलणंच त्याला कळेनासं झालं होतं. मी माइकची वायर ओढून काढली, पण उशीर झाला होता. इतकी वर्षं या कामात घालवली, आणि इथे दुरुस्त करायला काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

“बिघडलंय ना?” काकूंनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, नजर मात्र माझ्यावर रोखलेली.

“बिघडलंय,” मी म्हणालो. “दुकानात न्यावं लागेल.”

काका काहीतरी बोलले. काकूंनी वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला. त्यांनाही पहिल्यांदा कळलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं.

“म्हणतायत, घाई नाही.”

तो धडधाकट कॉम्प्युटर मी जिना उतरून खाली आणला. दुकानात फळीवर ठेवलाय, उघडलेला नाही. काकू मधूनमधून फोन करतात.

“झाला का हो?”

“पार्ट मिळत नाहीये, काकू.”

“बरं,” त्या म्हणतात. मग फोन न ठेवता खोलीत मोठ्यानं सांगतात, “पार्ट मिळत नाहीये म्हणे.” आणि काकांचं उत्तर येईपर्यंत आम्ही दोघंही थांबतो.