चार फुटांचं जोतं

जोतं चार फुटांचं. दारापुढे चार पायऱ्या, एकेक पायरी पोरांच्या गुडघ्याच्या वर. आणि एवढं चढून गेलं की पुन्हा वीतभर उंबरा. बालवाडी नव्हे, किल्ला बांधला होता किल्ला!

१९६२ साली तापीकाठच्या त्या गावात मी बालवाडीची बाई म्हणून गेले, तेव्हा उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. सरपंच चुनीलालभाई आणि हिलाल मिस्त्री जोत्याकडे कौतुकानं बघत उभे होते.

"पोरं चढायची कशी?" मी विचारलं.

ज्याचं जोतं उंच त्याची पत मोठी, ही त्या गावची रीत. चुनीलालभाई म्हणाले, "सरकारी इमारत शे, बाई. ठेंगणी बांधी तं गावनं नाक कापाई जाई."

नाक! तीन-चार वर्षांची पोरं गुडघे फोडून घेत चढायची, त्याचं काही नाही. आणि तापी नावाच्या त्या पोरीचं काय? जसोदाबाईची ही पाच वर्षांची लेक. तापानं तिचे दोन्ही पाय गेलेले. हातांवर जोर देत बसल्या बसल्या सरकायची, पण अशी झपाट्यानं की बघत राहावं. जसोदाबाई विधवा, मजुरीवर जाणारी. दारापुढेच विहीर, म्हणून कामावर निघताना ती लुगड्याच्या पट्ट्यानं लेकीला खांबाला बांधून जायची. दिवसभर! बालवाडी तिथून दोन घरांवर. पण पायऱ्या?

"दिन उगताच माले वावरमा जानं पडस," जसोदाबाई म्हणाली. "तिले वर कोण उचली?"

मी उचलते म्हटलं, तर तापीच फिस्कारली, "मी काय बोचकं शे?"

मग मी चुनीलालभाईंकडे खेटे घातले. एक उतार बांधा हो, एवढंच. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्या खेपेला त्यांच्या अंगणात ताटकळत असताना गोठ्याकडे नजर गेली. दाराशी सुरेख दगडी उतार. पाय घसरू नये म्हणून आडव्या खाचा. उंबरा नाहीच.

"हे कुणी केलं?"

"मीच," तिथेच बसलेला हिलाल फुशारकीनं म्हणाला. "पायऱ्या कऱ्या तं बैलना पाय मोडी जाई ना, बाई!"

कप्पाळ माझं! बैलाचा पाय कळतो, पोराचा कळत नाही! असं डोकं फिरलं म्हणता! सरळ आत जाऊन चुनीलालभाईंच्या बायकोला, दगूबाईंना, दिवसापुरता गोठा मागितला. बैल सकाळीच शेतावर जात. त्या खो खो हसल्या आणि माझ्या हातात खराटा दिला.

उद्घाटनाच्या दिवशी धुळ्याहून साहेब आले. नवी इमारत, झेंडूची तोरणं, आणि आत चिटपाखरू नाही. गाण्याच्या आवाजामागे सगळे गोठ्यापाशी आले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकवीस पोरं, आणि पुढच्या रांगेत तापी. त्या दिवशी आईनं न बांधलेली, उतारावरून आपली आपण आलेली.

चुनीलालभाई लालबुंद. "बाई, गावनी लाज काढी! पोरं गोठामा?"

"गोठ्यात त्यांना येता येतं," मी म्हटलं. "तिथे येत नाही."

साहेब त्या खाचांवरून बूट फिरवत राहिले. मग हिलालला एवढंच म्हणाले, "असाच तिकडे कर."

दहा दिवसांत उतार झाला. उंबराही काढला. त्या सकाळी मजुरीला उशिरा निघालेल्या जसोदाबाईनं सवयीनं लेकीला कडेवर उचललं, तशी तापी किंचाळली, "माले खाले ठेव! मी चढस!"

ठेवलं. सरकत, दम खात, खाचांना बोटं अडकवत ती वर पोचली आणि आत गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही कार्टीनं. माझे डोळे भरून आले.

जसोदाबाईनं खांद्यावरचा लुगड्याचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. "फळा पुसाले कामे ई, बाई."

मी तो घेतला, डोळे पुसले आणि हिलालला हाक मारली. फळाही त्या शहाण्यानं माझ्या डोक्याच्या वर ठोकला होता.