कुंडी फुटली तेव्हा

मी एक जुना सुरू आहे, समुद्रकाठी वाढणारं सुईसारख्या पानांचं झाड. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुवार्जोकाका आणि तुमिनीकाकूंच्या अंगणात समुद्राकडच्या टोकाला माझं ठाणं आहे. मित्रांनो, आज मला गप्प राहवतच नाही!

लहानपणी मी कुंडीत होतो. काकांनी मला तारा गुंडाळून, छाटून छाटून गुडघ्याएवढा म्हातारा बनवला होता. बोन्सायच्या प्रदर्शनात मला बक्षीस मिळणार, असं ते गावभर सांगत. मीही भलताच फुशारलो होतो.

बाकीची झाडं मात्र काका नावावरून निवडत. तिकडची रीतच तशी. बकुळीला तिथे ‘तांजुंग’ म्हणतात आणि स्तुतीला ‘सांजुंग’, म्हणून अंगणात बकुळ हवीच. ‘सावो केचिक’ हे चिकूच्या कुळातलं फळझाड. त्याचं नाव ‘सार्वो बेचिक’, म्हणजे ‘सगळं छान’, असं ऐकू येतं. मग ते थेट समुद्रासमोर! पण खाऱ्या वाऱ्याला शुभ नावाचं काय? आठवड्याभरात पानं करपून जात.

काकूंचं माहेर समुद्राने गिळलं होतं. तिथल्या सावो केचिकच्या तीन बिया त्यांनी रुजवल्या होत्या. दोन रोपं पुढे लावली आणि गेली. आईच्या अंगणातलं आता एकच रोप उरलं होतं.

“हेही पुढेच लावू. ‘सगळं छान’ काय मागे लपवायचं?” काका म्हणाले.

“दोन गेली तुमच्या त्या ‘छान’पायी!” काकू कडाडल्या. रोप उराशी धरून त्या जागा शोधत फिरू लागल्या आणि माझ्यापाशी थबकल्या. माझ्या आडोशाला डब्यात मिरचीचं रोप होतं, हिरवंगार. शेजारच्या उघड्यावरच्या डब्यातलं पार जळालं होतं.

“अहो, वारा हा अडवतोय!”

“हा? टीचभर तर आहे!”

“म्हणून टीचभर मिरची वाचली. मोठा झाला तर?”

“अगं, शनिवारी प्रदर्शन आहे!”

“मग तुम्हीच बसा तिथे कुंडीत.”

आणि काकूंनी कुंडी दगडावर आपटली. संपलो, असं मला वाटलं. काकांनी तर तोंडच फिरवलं. पण तारा निघाल्या, काकूंनी मला समुद्राकडच्या टोकाला लावलं, मुळं मोकळ्या वाळूत शिरली आणि काय सांगू, मला पहिल्यांदाच पोटभर श्वास घेता आला! दोन दिवस धुसफुसून काकांनीच माझ्या जोडीला आणखी अकरा सुरू आणून लावले. पुढे आमची रांग, मग बकुळ, आणि मागे विहिरीजवळ ते रोप. आम्ही वाढेपर्यंत काकू त्याला बांबूच्या चटईचा आडोसा करत.

वर्षं गेली. पाहुणे बकुळीची फुलं हुंगत. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नसे. एकदा तर शेजारी सरपणासाठी कोयता घेऊन आला होता. काकूंनी त्याला पिटाळलं.

आज सकाळी सावो केचिकचं पहिलं फळ पिकलं! काकूंनी एक घास खाल्ला आणि त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसल्याच.

“तीच चव,” त्या म्हणाल्या. “अहो, अगदी आईकडचीच.” त्यांचे डोळे भरून आले होते. उरलेलं अर्धं फळ काका हातात धरून उभेच राहिले. त्यांना ते खाववेना.

तेवढ्यात किनाऱ्यावर नवं घर बांधलेला बुदियोनो आला. “काकू, मला बी द्या ना! दारातच लावतो, ‘सगळं छान’!”

“बी मिळेल. आधी सांग, तुझ्याकडे वारा कुठून येतो?”

“वारा? तो काय, सगळीकडूनच येतो!”

“मग जा, चार दिवस अंगणात बसून बघ,” काकू म्हणाल्या. “आणि येताना फावडं आण. आधी सुरूची रोपं घेऊन जा.”

आधी सुरू! ऐकलंत ना, मित्रांनो? आवडीचं झाड जरूर लावा, पण त्याआधी आपलं अंगण ओळखा. आणि एखाद्या झाडाला फळ नाही म्हणून त्याच्यावर कोयता उगारण्यापूर्वी जरा मागे वळून पाहा. त्याच्या भरवशावर तिथे कुणीतरी मोहरत असेल.