सात वाजताची नोंद

"पक्षाघाताचा झटका येण्याआधी त्यांना ठणठणीत शेवटचं कधी पाहिलंत? किंवा बोलताना ऐकलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

मापन-उपकरणांच्या तपासणीत माझी एकतीस वर्षे गेली. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेला आकडा मी कधी नोंदवला नाही.

"सकाळी सात," मी सांगितले. "चहाचा कप तिनं माझ्या हातात दिला तेव्हा."

साडेआठला पत्नी स्वयंपाकघरात पडलेली आढळली, तीही मलाच.

त्या रुग्णालयात एक चाचणी सुरू होती. दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडायच्या आणि झटक्यानंतर मेंदूत भडकणारा दाह त्यांनी आटोक्यात येतो का, हे पाहायचे. खात्री कोणीच देत नव्हते. अट मात्र पक्की होती: रुग्ण शेवटचा ठणठणीत असल्याच्या वेळेपासून छत्तीस तासांच्या आत.

दुसऱ्या दिवशी स्कॅन, रक्ततपासण्या, सह्या उरकता उरकता संध्याकाळ झाली. गोठवलेल्या पेशी वितळवून पिशवी तयार व्हायला सात चाळीस होणार, असे कळले. माझ्या नोंदीप्रमाणे मुदत सातलाच संपत होती.

मेहुणीने मला जिन्यापाशी गाठले. "भावोजी, आठ सांगा. आठला ठीक होती म्हणा."

"मी पाहिलेलं नाही."

"अहो, ताईचा हात गेलाय, वाचा गेलीय! आणि तुम्ही काय बोल्टची जाडी मोजताय?"

"खोटी नोंद मी देणार नाही."

"मग बसा तुमचा खरेपणा कुरवाळत!"

पिशवी आली नाही.

तीन आठवड्यांनी, मी तिचा लुळा हात पुसत असताना, पत्नी पहिल्यांदा बोलली.

"टॉवेल."

माझे हात जागच्या जागी थांबले. त्या सकाळी मी न्हाणीघरात होतो. रेडिओवर आठच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या आणि दाराबाहेरून तिचा खणखणीत आवाज आला होता: "टॉवेल पुन्हा बाहेरच! ओल्या अंगानं घरभर तळी करू नका." मी ऐकले होते. पाहिले नव्हते, म्हणून धरले नव्हते. आठ अधिक छत्तीस. वीस मिनिटे शिल्लक राहिली असती.

आता तिच्यापाशी तेवढा एकच शब्द आहे. भूक लागली तरी टॉवेल, राग आला तरी टॉवेल.

रविवारी मेहुणी आली. ऐकून रडली, मग डोळे पुसत हसली. "बोलली तर खरी! पण एवढे शब्द सोडून टॉवेलच का हो, भावोजी?"

पत्नी माझ्याकडे एकटक पाहत होती.

"कोण जाणे," मी म्हणालो.