धुऱ्याकडची पात

एकोडीच्या गिरजाबाईला बासष्टाव्या वर्षी एका पायावर उभं राहण्याची परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षक होता पोटचा पोरगा, प्रितम.

मागच्या साली धानाच्या रोवणीत ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरली आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण तोल काही पूर्वीसारखा राहिला नाही. यंदा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय टाकायचा नाही, असं प्रितमने बजावलं. आठ दिवस तिने अबोला धरला तेव्हा कुठे तो एक पायरी खाली उतरला.

"काही न धरता एकेका पायावर तीस मोजेपर्यंत उभी राय. मंग जाय."

रोवणी म्हणजे काही सुखाचं काम नव्हे. दिवसभर वाकून मागे मागे सरकायचं, आणि दर पावलाला एक पाय चिखलातून उपसायचा. पण चाळीस वर्षं तिची पात, रोवायचा पट्टा, रुखमिणीच्या पातीला लागून असायची. दोघी एकाच साली सुना होऊन गावात आलेल्या. घरातलं जे घरात बोलता येत नाही, ते सारं त्या वाकल्या वाकल्या बोलून घेत. त्या बोलण्यासाठी गिरजाबाईचा जीव तुटत होता.

शिकवायला होती सून, राखी. आरोग्य उपकेंद्रातल्या योगवर्गात ती वृक्षासन शिकून आली होती. पण गिरजाबाईने पहिल्याच दिवशी परसात दोन बादल्या पाणी ओतून चिखल केला आणि त्यात एका पायावर उभी राहिली. बांधीत जायचं तर सराव चिखलातच हवा, हे तिचं डोकं. राखीने वेळेवर धरलं म्हणून दुसरं मनगट वाचलं.

"कोरड्या, सपाट जागेवर करा, आई. भिंतीजवळ. अन् उपाशीपोटी."

"बांधीत भिंत कुठून येईन व?"

"बांधीचं मंग पाहू."

मग रोज सकाळी भिंतीशी उभं राहणं सुरू झालं. एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्याशी टेकवायचा, जमलं की पोटरीवर न्यायचा. गुडघ्यावर मात्र कधीच नाही, त्याने सांधा दुखावतो. नजर समोरच्या खुंटीवर, श्वास मोकळा, आणि गरगरलं की पाय लगेच खाली. गिरजाबाई कुरकुरत करायची, पण चुकवायची नाही. दोन महिन्यांत उंबरठा ओलांडताना चौकट धरणं सुटलं. पोटऱ्यांत जोर आला. उभ्या उभ्या परकर चढवता आला, त्या दिवशी ती एकटीच हसली.

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला आले. प्रितम खाटेवर बसला, राखी मोजू लागली. उजव्या पायावर तीस सहज झाले. डाव्यावर सव्वीसला अंग कललं आणि तिचं एक बोट भिंतीला लागलं. प्रितमचं लक्ष पायाकडे होतं. राखीने पाहिलं, आणि मोजतच राहिली.

"तीस."

"जाय मंग," प्रितम म्हणाला.

गिरजाबाई गप्प बसली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण तिला गप्प बसवेना.

"सव्वीसले बोट टेकलं माह्यं."

प्रितमने मान खाली घातली. "पुढच्या साली जाजो, माय."

तो गेल्यावर राखी जवळ आली. "काहून सांगतलं, आई?"

"चिखलात कायले टेकली असती?" एवढं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

रोवणीच्या दिवशी ती राखीचा हात धरून बायांचा चहा घेऊन गेली. धुऱ्यालगतची एक पात तशीच रिकामी दिसली.

"एवढी काहून सोडली?"

"तुयी हाय," रुखमिणी वर न पाहता म्हणाली. "धुऱ्यावर बस. हात पुरते."

गिरजाबाई बसली. पऱ्ह्यांची पेंडी मांडीवर घेतली आणि चिखलात बोटं खुपसली. रुखमिणीने लगेच आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. पण बसल्या बसल्या किती सरकणार? बायांची रांग भराभर मागे गेली, रुखमिणीचा आवाज लांब गेला, आणि शेवटी नुसते ओठ हलताना दिसले.

संध्याकाळी जेवणाआधी पाय धुऊन, पुसून ती भिंतीजवळ गेली आणि उजवा पाय उचलला.

"मोज," ती राखीला म्हणाली. "रुखमिणीचं अर्धंच आयकून आली मी."