स्वच्छ पुस्तकं

"ह्ये बी घासू का?" धोंडाबाईनं पुस्तक नवऱ्यापुढं धरलं. छापील मजकुराच्या कडेला पेन्सिलीच्या चार ओळी होत्या.

"पेन्सिलच हाय न्हवं? घास."

"आदी काय लिवलंय ते तरी सांगा."

"वाचत बसलो तर व्हायचं न्हाई आपल्याच्यानं," दत्तोबा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

धोंडाबाई घासू लागली. तिला वाचता येत नव्हतं. पण छापलेलं कुठलं आणि लेकीचं कुठलं, हे लांबून कळे. छापील अक्षरं रांगेत ताठ उभी असत. समीक्षाची मात्र वाऱ्यानं भात कलावा तशी एका अंगाला कललेली. लोणावळ्यात चिक्कीला कागद गुंडाळण्यात धोंडाबाईचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळं पान चुरगळत नव्हतं. खोडरबराचा करडा भुगा ती तळहातानं गोळा करी आणि शेजारच्या चिक्कीच्या खोक्यात टाकी. खाली झटकत नसे.

समीक्षा विद्यापीठात पीएच. डी. करत होती. गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. कान्हे गावातल्या दोन खोल्यांत मागं उरली ती पुस्तकं. भांडी कमी आणि पुस्तकं जास्त, असं ते घर. तिनं ती जेवणाचे, कपड्यांचे पैसे वाचवून घेतलेली. लिहायची मात्र पेन्सिलीनंच. "पुस्तक आपल्या एकट्याचं नसतं आई, उद्या दुसरं कुणी वाचंल," असं म्हणायची.

तिचं कार्ड परत करायला दत्तोबा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, तेव्हा दारातला फलक त्यानं पाहिला. पैसे देणाऱ्यांची नावं भिंतीवर पितळेत कोरणार, पुस्तकं देणाऱ्यांची पुस्तकाच्या आत चिठ्ठीवर. पैसा भिंतीवर आणि पुस्तक कपाटात, हे जगरहाटीला धरूनच होतं. खाली सूचना होती: 'पुस्तके सुस्थितीत असावीत. आत काही लिहिलेले नसावे.'

दत्तोबाची हयात रेल्वेत ट्रॅकमन म्हणून गेली होती. रुळाकडेच्या फलकावर तीस लिहिलं की गाडी तीसनंच जायची. का, हे कुणी विचारायचं नसतं. त्यानं सूचना वाचली, घरी आला आणि येताना खोडरबरं घेऊन आला.

शेजारच्या अंबूबाईला हे पटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचा जमाखर्च तिला स्वतःच्या घरच्यापेक्षा पाठ. ती उंबऱ्यातच टेकली.

"भावजी, स्कॉलरशिपचं पैसं बी तिकडंच देनार म्हनं?"

"तिचंच व्हतं. ती गेल्यावर आलं. आमी हात न्हाई लावला."

"आमचं काय, आमी आडानी. पन वर्साच्या पुण्यानुमोदनाला विहाराला हंडा दिला असता, नाव घालून, तर पानी पिताना चार मानसांनी नाव वाचलं असतं. तितं कपाटात कोन बगतंय?"

"ती तितं शिकली, हंड्याजवळ न्हाई," दत्तोबा म्हणाला. "आन् घासून घासून हंड्यावरचं नाव जातं, वयनी."

धोंडाबाईचा हात थांबला. मग अंबूबाई उठून गेली आणि हात पुन्हा चालू झाला.

चिक्कीवाल्या शेठचा टेम्पो माल घेऊन पुण्याला जातो, त्यात पुस्तकं गेली. धोंडाबाईला सुट्टी मिळाली नाही. शेठनं टेम्पो फुकट दिला, पण सुट्टी नाही दिली. त्याचं दान तेवढ्यावर भागलं.

ग्रंथालयात तिथल्या ग्रंथपाल अमृता मॅडमनी चेक घेतला, पावती दिली. मग वरचं पुस्तक उघडलं. पान चाळता चाळता त्या थांबल्या. पान त्यांनी खिडकीकडं तिरकं धरलं. कडेला पेन्सिलीचे नुसते वळ उरले होते.

"काका, इथं काही लिहिलं होतं का?"

"व्हतं. समदं काढलं मॅडम. येक बी न्हाई ऱ्हायलं."

"कुणी लिहिलं होतं?"

"पोरीनं. समीक्षानं. हितंच शिकत व्हती."

मॅडमनी दुसरं पुस्तक उघडलं, मग तिसरं. "अहो, ती सूचना रद्दीतून येतात त्या गाइडांसाठी आहे. अभ्यास करणाऱ्याच्या नोंदी असल्या की आम्ही ती पुस्तकं वेगळ्या कपाटात जपून ठेवतो. मागून येणारी मुलं त्या नोंदी वाचायलाच येतात. एकदा विचारायचं तरी."

"बोर्डावर लिवलं व्हतं," दत्तोबा म्हणाला.

मॅडमनी पहिलं पुस्तक पुन्हा पुढं ओढलं. पहिली चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहून चिकटवली: समीक्षा दत्तोबा ओव्हाळ हिच्या स्मरणार्थ. दत्तोबानं चष्मा लावून ती वाचली. बरोबर होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा धोंडाबाई नुकतीच कामावरून आली होती. लुगड्याला गुळाचा वास होता. पुस्तकांची फळी रिकामी होती. ती तिकडं बघत नव्हती.

"घेतली का समदी?"

"घेतली."

"काय म्हनल्या मॅडम?"

दत्तोबा चपला काढत होता. जरा जास्तच वेळ काढत होता.

"लय स्वच्छ हायेत म्हनल्या. असली कुनी देत न्हाई."

धोंडाबाईच्या चेहऱ्यावर, वर्ष सरत आलं तरी दिसलं नव्हतं, तसं काहीतरी आलं. तिनं बोटं पदराला पुसली. घासून घासून अंगठ्याची कातडी निघाली होती.

"मी म्हनलंच व्हतं, वळखू बी येनार न्हाई."

मग ती आत गेली आणि चिक्कीचा खोका घेऊन आली. तो दोघांच्या मधे ठेवून तिनं झाकण अर्धवट उचललं.

"मंग ह्ये आता टाकू का कसं?"

आत करडा भुगा होता, हलका, काठोकाठ. वरचा पापुद्रा थरथरला.

"थांब," दत्तोबा म्हणाला आणि उठून त्यानं पंखा बंद केला.